पूर्वीची माणसे खरोखरच जास्त जगत होती काय? : एका प्रदर्शनाच्या तयारीच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

गावच्या वाचनालयाच्या वार्षिक प्रदर्शनासाठी यंदा कोणता विषय घ्यावा, यावर आज बैठक झाली. चर्चा जत्रेच्या फोटोंपासून सुरू झाली आणि नेहमीप्रमाणे जुन्या माणसांच्या तब्येतीवर येऊन थांबली. एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे की, पूर्वी लोक घाण्याचे तेल आणि घरचे तूप खात, मैलोन्‌मैल चालत आणि शंभरी गाठत. आता पन्नाशीतच हृदयाचे ठोके मोजायची वेळ येते. त्यांच्या समोर बसलेल्या तरुण शिक्षकाने मोबाईलवरून वाचून दाखवले की, शंभर वर्षांपूर्वी हिंदुस्थानातील माणसाचे सरासरी आयुष्य तेवीस वर्षांचे होते. दोघांनीही एकमेकांकडे कीव केल्यासारखे पाहिले. मी सांख्यिकी शिकवून निवृत्त झालो असल्यामुळे वादाचा निकाल लावण्याचे काम माझ्या गळ्यात पडले आणि प्रदर्शनाचा विषयही तोच ठरला.

मला सुरुवातीलाच असे वाटते की, दोघेही डोळ्यांनी पाहिलेले किंवा छापलेले खरेच सांगत आहेत. आजोबांना ऐंशी वर्षांच्या पणज्या आठवतात आणि शिक्षकाचा आकडाही जनगणनेतूनच आलेला आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, एवढेच दाखवता आले तरी काम झाले.

१२ जानेवारी

सर्वांना ठाऊक असलेल्या नावांपासून सुरुवात केली, म्हणजे जन्म-मृत्यूच्या तारखांवर वाद होणार नाही. एकोणिसाव्या शतकात जन्मलेली दहा नावे घेतली आणि मृत्यूच्या दिवशी पूर्ण झालेली वर्षे मांडली. विष्णुशास्त्री चिपळूणकर ३१, गोपाळ गणेश आगरकर ३८, काशिनाथ त्र्यंबक तेलंग ४३, गोपाळ कृष्ण गोखले ४८, न्यायमूर्ती रानडे ५८ (एकोणसाठाव्या वाढदिवसाला दोन दिवस कमी असताना ते गेले), जोतीराव फुले ६३, लोकमान्य टिळक ६४, लोकहितवादी ६९, रामकृष्ण गोपाळ भांडारकर ८८ आणि धोंडो केशव कर्वे १०४. बेरीज ६०६, सरासरी साठ वर्षे आणि सात महिने. अण्णासाहेब कर्वे यांना वगळले तर सरासरी छप्पन्नच्या खाली येते. एकटा माणूस दहा जणांच्या सरासरीत जवळजवळ पाच वर्षांची भर घालून जातो, हेही फलकावर लिहिण्यासारखे आहे.

ज्येष्ठ सभासदांना ही यादी दाखवली तेव्हा ते खूश झाले. "तेवीस कुठे आणि साठ कुठे," असे ते म्हणाले.

१९ जानेवारी

यादीतील मेख आज लिहून ठेवतो. या यादीत नाव यायचे तर माणसाने आधी काहीतरी कर्तृत्व करून दाखवले पाहिजे आणि त्यासाठी किमान विशी-पंचविशी ओलांडली पाहिजे. आठव्या दिवशी धनुर्वाताने किंवा चौथ्या वर्षी देवीने गेलेले मूल कोणत्याही चरित्रकोशात येत नाही. म्हणजे यादी करताना मी नकळत बालमृत्यू पुसून टाकले आणि उरलेल्यांची सरासरी काढली. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण याबाबत पुरेसे बोलके आहे. डॉक्टर होऊन परतल्यावर त्या १८८७ मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी क्षयाने गेल्या आणि त्यांचे नाव आजही घेतले जाते. पण चौदाव्या वर्षी त्यांना झालेले मूल दहा दिवसांत गेले, ते कोणाच्याच यादीत नाही.

कसदार खाण्याच्या मुद्द्यासाठी पेशव्यांची वये बाजूला काढून ठेवली आहेत. पहिले बाजीराव ३९ व्या वर्षी, नानासाहेब ४० व्या, माधवराव २७ व्या वर्षी थेऊरला क्षयाने गेले. सवाई माधवराव एकविसाव्या वर्षी शनिवारवाड्यातून पडून गेले आणि नारायणरावांचा तर खूनच झाला, त्यामुळे त्या दोघांना रोगाच्या हिशेबात धरणे योग्य नाही. परंतु ज्यांच्या घरी दुधातुपाची वाण नव्हती आणि वैद्य उंबऱ्यावर उभे असत, त्या घराण्यातही क्षयाला उपाय नव्हता, एवढे यावरून म्हणता येते. सर्वांत जास्त जगले ते राज्य घालवून बसलेले दुसरे बाजीराव. सालिना आठ लाखांचे पेन्शन घेत ते ब्रह्मावर्तास १८५१ पर्यंत, म्हणजे शहात्तर वर्षे जगले. कंपनीच्या हिशेबनिसांचे चेहरे पाहण्यासारखे झाले असतील.

२ फेब्रुवारी

दोन परिचित घराण्यांचे छापील कुलवृत्तांत मिळाले. वंशावळ पिढीवार आहे, छपाई सुबक आहे आणि पहिल्या नजरेला ही माहिती फार भरवशाची वाटते. प्रत्यक्षात मुलग्यांची नावे आणि साल असले तरी मुलींसाठी पुष्कळ ठिकाणी केवळ "कन्या तीन" असे दोन शब्द आहेत. लहानपणी गेलेल्यांसाठी कधी "अल्पवयात वारला" असा शेरा आहे, तर बहुतेक वेळा काहीच नाही. जुन्या पिढ्यांत दर घराला दोन-तीनच मुले दिसतात, जणू काही त्या काळी कुटुंबनियोजन होते. ज्या काळात नव्या सुनेला "अष्टपुत्रा सौभाग्यवती भव" असा आशीर्वाद देत, त्या काळातील घरात दोन मुले नोंदलेली असतील तर उरलेली कुठे गेली, हे विचारलेच पाहिजे. कुलवृत्तांत पुढच्या वंशासाठी लिहिलेला असतो. ज्यांचा वंश चालला नाही त्यांना त्यात जागा कमी. आयुर्मान काढण्यासाठी हे साधन वापरायचे नाही, असे ठरवले. फलकावर त्याचे एक पान मात्र लावायचे.

१६ फेब्रुवारी

कोतवाल बुकाच्या प्रती मिळाल्या. जन्म-मृत्यूची गावपातळीवरची ही जुनी नोंदवही, म्हणजे नमुना नंबर चौदा, एरवी कोणी उघडून पाहिली नसती. पण कुणबी नोंदींच्या शोधामुळे गेल्या दीड-दोन वर्षांत या वह्या कपाटांतून बाहेर आल्या, स्कॅन झाल्या आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. आमच्या मोडीवाचक बाई म्हणतात की, लोक फक्त जातीचा रकाना पाहून पान उलटतात. आम्हाला त्याच्या शेजारचे दोन रकाने हवे आहेत : वय आणि मरणाचे कारण.

आज विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे एक पान वाचले. शाई तपकिरी झाली आहे आणि डावी कड वाळवीने खाल्ली आहे. कारणांच्या रकान्यात चार-पाच शब्दच पुन्हा पुन्हा येतात : ताप, हगवण, देवी, पटकी, इतर. कोतवाल काही वैद्य नव्हता, त्यामुळे "ताप" या शब्दात हिवतापापासून विषमज्वरापर्यंत काहीही दडलेले असू शकते. नावांच्या रकान्यात धोंडू, दगडू, केरबा, भिकू अशी नावे दाटीने येतात. आधीची मुले जगली नाहीत की पुढच्या मुलाला असे टाकाऊ वस्तूचे नाव द्यायचे, म्हणजे मृत्यूचे लक्ष जाणार नाही, ही चाल माझ्या आजीच्या बोलण्यातून मी ऐकली होती. वयाच्या रकान्यात काय आहे ते वाचण्याआधीच नावांनी ते सांगून टाकले होते.

२३ फेब्रुवारी

वाचन चालू. विशेष नोंद नाही.

२ मार्च

आज माझी चूक उघडकीस आली. गेले दोन आठवडे बाई वाचत आहेत आणि मी वहीत उतरवून घेत आहे. वयाच्या रकान्यात आकड्यापुढे कधी "व" तर कधी "म" असे अक्षर आहे, आणि घसटलेल्या लिपीत ही दोन अक्षरे माझ्या डोळ्यांना सारखीच दिसत होती. बाईंनी प्रत्येक वेळी नीट वाचले असणार. मी मात्र सवयीने आकडा तेवढा लिहीत गेलो आणि पुढे वर्षे गृहीत धरली. आज एका ओळीत "८" वय असलेल्या मुलाच्या आईच्या बाळंतपणाची नोंद त्याच वर्षीच्या जन्माच्या पानावर सापडली. मूल आठ वर्षांचे नव्हते, आठ महिन्यांचे होते. मागे जाऊन पाहिले तर अशा कितीतरी ओळी निघाल्या. "५", "९", "११" अशी पोरवयाची वाटणारी माणसे वास्तविक तान्ही बाळे होती. सगळी पाने पुन्हा वाचावी लागणार. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त पहिले पान पुन्हा पुढे ओढले.

१६ मार्च

दुरुस्त वाचन पूर्ण झाले. एका गावच्या काही पानांवरून टक्केवारी काढून ती फलकावर मिरवणे मला पटत नाही, कारण पाने सलग नाहीत आणि साथीच्या वर्षांत कोतवालाच्या हातून किती नोंदी सुटल्या, हे पडताळता येत नाही. त्यामुळे गावची पाने नुसती दाखवायची आणि आकडे जनगणनेच्या जीवनसारण्यांतून, म्हणजे वयवार मृत्यूच्या प्रमाणावरून केलेल्या तक्त्यांतून, घ्यायचे, असे ठरले.

ते आकडे असे आहेत. १९०१ ते १९११ या दशकासाठी हिंदुस्थानातील जन्मवेळचे अपेक्षित आयुर्मान पुरुषांचे २२.६ आणि स्त्रियांचे २३.३ वर्षे होते. पुढच्या दशकात ते आणखी घसरून १९.४ आणि २०.९ वर आले. १९४१ ते १९५१ मध्ये ते ३२.४ आणि ३१.७ झाले. नमुना नोंदणी पद्धत (निवडक गावे-वस्त्यांतील जन्म-मृत्यू सतत नोंदण्याची सरकारी व्यवस्था) देशभर सुरू झाल्यानंतरच्या १९७०-७५ च्या सारणीत देशाचा आकडा ४९.७ आणि महाराष्ट्राचा ५३.८ आहे, २०१४-१८ मध्ये देशाचा ६९.४ आणि महाराष्ट्राचा ७२.५.

१९११ ते १९२१ या दशकाची घसरण पाहताना माझ्या आजीचा "मानमोडी" हा शब्द आठवला. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला आपल्याकडे हेच नाव होते. त्या साथीत हिंदुस्थानात सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत माणसे गेल्याचे अंदाज आहेत, आणि त्यांत विशी ते चाळिशीतील धडधाकट माणसांचा भरणा मोठा होता. जनगणनेच्या आजवरच्या इतिहासात देशाची लोकसंख्या घटली असे हे एकच दशक. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीतील लोकसंख्या १९११ मधील सुमारे २ कोटी १५ लाखांवरून १९२१ मध्ये २ कोटी ८ लाखांवर आली. त्याच्या आधी १८९६ पासून प्लेग होताच. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १८९७ मध्ये गेल्या, आणि टिळकांचा थोरला मुलगा विश्वनाथ १९०३ मध्ये त्याच रोगाने गेला.

तरुण शिक्षकाशी आज बराच वेळ बोललो, कारण तेवीस या आकड्याचा अर्थ त्याने चुकीचा लावला होता. त्याची समजूत अशी की, त्या काळी माणसे तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी म्हातारी होऊन मरत. जीवनसारणी तसे सांगत नाही. त्या दशकात प्रत्येक वयाला मृत्यूचे जे प्रमाण होते, तेच जन्मभर कायम राहील असे मानून एक लाख काल्पनिक बाळे जगवली आणि त्या सर्वांच्या वाट्याला आलेली वर्षे एक लाखाने भागली, की हा आकडा मिळतो. त्यात पहिल्याच वर्षी गेलेल्यांचे जवळजवळ शून्य आणि सत्तरी गाठलेल्यांचे सत्तर हे एकाच तागडीत पडतात. तेविसाव्या वर्षी मरणारी माणसे प्रत्यक्षात थोडीच होती.

३० मार्च

शेजारच्या गावात एकशे आठ वर्षांचे आजोबा आहेत, असे कळल्यावरून भेटायला गेलो. आजोबा खणखणीत बोलतात आणि स्वतः दाढी करतात. वयाचा पुरावा विचारला तेव्हा नातवाने आधार कार्ड काढले; त्यावर जन्मतारीख १ जून. आपल्याकडे मास्तरांनी शाळेत नाव घालताना किती पोरांना १ जूनला जन्माला घातले, याचा हिशेब लावायचा तर दरवर्षी ३१ मे रोजी निवृत्त होणाऱ्यांची रांग पाहावी. मग मी तारीख सोडून दिली आणि प्रसंग विचारले. मानमोडी त्यांना आठवत नाही, तिच्याबद्दल फक्त ऐकलेले आहे. चलेजावच्या वेळी मात्र ते "मिसरूड फुटलेले" होते. बेचाळीस साली मिसरूड फुटलेला माणूस आज शंभरीच्या जवळपास असेल, एकशे आठ वर्षांचा नव्हे. घरच्यांना हे सांगून त्यांचा आनंद घालवण्यात काही अर्थ नव्हता. चहा घेतला आणि परत आलो.

जुन्या शंभरी गाठलेल्यांच्या बहुतेक कथांची गत हीच असावी, असे माझे मत झाले आहे. जन्माची नोंद नसलेल्या माणसाचे वय साठीनंतर दरवर्षी एकाऐवजी दीड वर्षाने वाढते. कोतवाल बुकातसुद्धा म्हाताऱ्यांची वये ६०, ७०, ८० अशी गोल आकड्यांत येतात. ६३ किंवा ७७ शोधावे लागतात. कर्वे यांचे एकशे चार मात्र निर्विवाद आहे, आणि १९५८ मध्ये शंभराव्या वर्षात त्यांना भारतरत्न मिळाले ते साऱ्या देशाने पाहिले आहे.

६ एप्रिल

आतापर्यंत माझा कल असा होता की, वाढ झाली ती सगळी लहान मुलांच्या जगण्यामुळे आणि म्हातारपण होते तेवढेच राहिले. आपल्या परंपरेतही त्याला आधार दिसतो. सहस्रचंद्रदर्शनाचा विधी जुनाच आहे. एक हजार पौर्णिमा म्हणजे ऐंशी वर्षे आणि दहा महिने, आणि तेवढे जगणारे कोणीच नसते तर हा विधी निर्माणच झाला नसता. मात्र आज साठाव्या वर्षानंतरचे आकडे काढले आणि माझे मत थोडे बदलावे लागले. १९०१-११ च्या सारणीनुसार साठी गाठलेल्या माणसाच्या वाट्याला पुढे साधारण नऊ वर्षे होती. १९७०-७५ मध्ये ती चौदाच्या जवळ गेली आणि २०१४-१८ मध्ये अठरा ओलांडून पुढे गेली. जन्मवेळच्या सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांच्या वाढीपुढे ही नऊ वर्षे किरकोळ दिसतात, पण म्हातारपणाची लांबी दुप्पट झाली आहे, असेही तेच आकडे म्हणतात. साठीशांत ही पूर्वी मोठा पल्ला गाठल्याची खूण होती. आमच्या गल्लीत गेल्या वर्षी साठीशांत झालेले गृहस्थ अजून आईच्या औषधांच्या वेळा सांभाळतात.

ज्येष्ठ सभासदांचे समाधान करण्यासाठी मी जो निष्कर्ष मनात धरून बसलो होतो, तो अशा रीतीने अर्धाच उरला. म्हातारी माणसे पूर्वीही होती, हे त्यांचे खरे. पण ती थोडी होती आणि आजच्याइतकी टिकत नव्हती.

१३ एप्रिल

स्त्रियांचा फलक आज लिहिला. १९७०-७५ मध्ये देशात पुरुषांचे आयुर्मान ५०.५ आणि स्त्रियांचे ४९.० होते, म्हणजे बायका पुरुषांपेक्षा कमी जगत होत्या; जगात बहुतेक ठिकाणी याच्या उलट असते. १९८० नंतर हे पारडे फिरले आणि २०१४-१८ मध्ये पुरुष ६८.२, स्त्रिया ७०.७ असे आकडे आहेत. बाळंतपण हे त्यातील मोठे कारण. अण्णासाहेब कर्वे एकशे चार वर्षे जगले, त्यांच्या प्रथम पत्नी राधाबाई १८९१ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी बाळंतपणात गेल्या. एकाच घरातील या दोन वयांची पाटी मी शेजारी शेजारी लावणार आहे. २०१८-२० मध्ये महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ३३ होते, देशात ९७.

२० एप्रिल

"मग हे कशाने झाले?" असे प्रेक्षक विचारणारच. एकच उत्तर देता येत नाही. देवीची लस मुंबईत १८०२ च्या जूनमध्ये ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा टोचली गेली, पण देशातील देवीचा शेवटचा रुग्ण सापडला तो १९७५ मध्ये. औषध सापडणे आणि ते शेवटच्या वाडीपर्यंत पोचणे यांत पावणेदोनशे वर्षे गेली. दुष्काळात माणसे उपाशी मरणे थांबले हा दुसरा मोठा भाग. १८७६-७८ मध्ये दख्खनेत जे झाले ते १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांमुळे आणि सुकडी या पौष्टिक खाण्याच्या वाटपामुळे झाले नाही. तिसरे म्हणजे साधे पिण्याचे पाणी आणि हगवणीवर मीठ-साखरेचे पाणी.

गडचिरोलीचे काम मी मुद्दाम मोठ्या अक्षरांत घेतले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांतील थोडेफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवले : बाळाला ऊब द्यायची, श्वास मोजायचा, न्यूमोनिया ओळखायचा, जंतुदोष वाटला तर इंजेक्शन द्यायचे. तिसऱ्या वर्षापर्यंत तेथील नवजात मृत्यू, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी कमी झाले. मोठे रुग्णालय उभे न करता हे साधले, म्हणून मला त्याचे महत्त्व अधिक वाटते. देशातील अर्भकमृत्यू १९७१ मध्ये हजारी १२९ होते, २०२० मध्ये २८; महाराष्ट्रात त्या वर्षी १६.

२७ एप्रिल

सरासरीचे गणित समजावण्यासाठी चिंचोक्यांचा प्रयोग वाचनालयात करून पाहिला. दहा वाट्या मांडायच्या, एक वाटी म्हणजे एक बाळ आणि एक चिंचोका म्हणजे एक वर्ष. पहिल्या मांडणीत चार वाट्यांत प्रत्येकी एकच चिंचोका आणि सहा वाट्यांत साठ-साठ; बेरीज ३६४, म्हणजे सरासरी साडेछत्तीसला किंचित कमी. मग एकखेरीज सर्व बाळे जगवायची, पण साठीच्या पुढे कोणालाही एक दिवसही द्यायचा नाही. बेरीज ५४१ आणि सरासरी चोपन्न. सातवीतल्या एका मुलीने चिंचोके मोजून झाल्यावर विचारले की, म्हातारे तेवढेच राहिले, मग आयुष्य वाढले कोणाचे? ज्येष्ठ सभासदांनी तिला त्या तीन वाट्या दाखवल्या. दोन्ही बाजूंच्या मंडळींना एकदम पटलेली ही पहिलीच गोष्ट.

चिंचोके कमी पडले. आणखी दोन किलो लागतील.

४ मे

फलकांचे प्रूफ आले. कोतवाल बुकाच्या पानाचे बालबोध लिप्यंतर छापणाऱ्याने परस्पर आवरून दिले आहे : ज्या ओळींत नावाचा रकाना रिकामा आहे, त्या त्याने अपुऱ्या समजून गाळल्या आणि मोकळी झालेली जागा फोटोला दिली. त्या ओळी नामकरणाआधी गेलेल्या बाळांच्या आहेत. मूळ पानावर तेथे "मुलगी, ३ दिवस", "मुलगा, ११ दिवस" एवढेच लिहिलेले आहे. गाळलेल्या सातही ओळी परत घालून, नावाची जागा कोरी ठेवून आणि फोटो लहान करून नवे प्रूफ पाठवावे, असे त्याला फोनवर सांगितले. तो म्हणाला की, कोरी जागा छापील चुकीसारखी दिसेल. दिसू दे, असे मी सांगितले.